बेल दिवसा चालते, रात्री मरते

या वेळच्या टपालात व्हिडिओ डोअरबेलची पत्रं इतकी निघाली, की पंखे आणि इस्त्र्या पुढच्या अंकावर ढकलाव्या लागल्या. बहुतेकांनी बेलला दोष दिलाय. मी टेलिफोन एक्सचेंजच्या पॉवर रूममध्ये नोकरी केली, त्यामुळे माझी नजर आधी वीज कुठून येते तिकडे जाते. कुणाला तो पूर्वग्रह वाटला तर वाटू दे.

ताई, दाराला व्हिडिओ बेल बसवून तीन आठवडे झाले. दिवसभर झकास चालते. अंधार पडला की दर एक-दोन मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू होते. बेलवर ‘१२ व्होल्ट डीसी, अधिक-उणे १० टक्के, १ अँपिअर’ असं छापलंय. माझा अडॅप्टरही १२ व्होल्ट, १ अँपिअरचाच आहे. तो आतल्या खोलीत आहे आणि तिथून दारापर्यंत नेटवर्कची उरलेली केबल टाकून तिच्यातल्या दोन तारा वापरल्यात, साधारण २५ मीटर. बेलची पिन काढून मीटर लावला तर दाराशीही १२ व्होल्ट दिसतात. दुकानदाराने एकदा बेल बदलूनही दिली, तरी तेच. आता १५ व्होल्टचा अडॅप्टर लावून पाहू का?

पंधराचा लावू नका. का ते शेवटी सांगते. आधी तुम्ही एक फार कामाची गोष्ट नकळत लिहून गेलात ती बघू: ‘बेलची पिन काढून मीटर लावला.’ पिन काढली म्हणजे तारेतून करंट वाहायचा थांबला, आणि करंटच नाही तर तारेत व्होल्ट गळणार कुठून? तशा अवस्थेत केसाइतकी बारीक तारसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल. उपवासाच्या दिवशी स्वयंपाक पुरला म्हणण्यासारखं आहे ते.

नेटवर्क केबलमधली एकेक तार जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. चांगल्या तांब्याची असेल तर तिचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मीटरमागे साधारण ०.०८४ ओहम. तुमची केबल २५ मीटर, पण वीज जाऊन परत येते, म्हणजे हिशेब ५० मीटरचा. एकूण रोध ४.२ ओहम.

आता दिवस धरा. समजा बेल पाव अँपिअर घेतेय. पाव गुणिले ४.२ म्हणजे जेमतेम एक व्होल्ट गळतो, बेलला अकराच्या आसपास मिळतात. तुमच्या बेलची खालची मर्यादा १०.८. काठावर का होईना, पास.

संध्याकाळी काय होतं ते दाराजवळ उभं राहून ऐका. कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज येईल. लेन्समागचा एक फिल्टर सरकतो त्याचा तो आवाज. त्याच्या पाठोपाठ इन्फ्रारेडचे दिवे लागतात, जे आपल्याला दिसत नाहीत पण कॅमेऱ्याला दिसतात. करंट झटकन वाढतो. ०.६ अँपिअर धरला तरी अडीच व्होल्ट तारेतच संपले आणि बेलच्या वाट्याला साडेनऊ. वर आणखी गंमत अशी, की बेलच्या आतल्या स्विचिंग सर्किटला ठरावीक वॅट हवे असतात. व्होल्ट कमी पडले की ते करंट जास्त ओढतं. करंट वाढला की तारेत आणखी व्होल्ट गळतात. व्याज फेडायला नवं कर्ज काढावं तसं. शेवटी बेल मान टाकते, दिवे विझतात, भार उतरला की व्होल्टेज पुन्हा बारावर जातं, बेल जागी होते, बाहेर अंधार दिसतो, पुन्हा ‘टक्’. हा खेळ रात्रभर. बेल बदलून हा थांबणार नव्हताच.

तेव्हा मोजायचं ते असं: रात्री, बेल जोडलेली असताना, मोबाइलवर तिचं चित्र उघडून, कुणाला तरी बटण दाबायला सांगून, बेलच्याच दोन स्क्रूंवर मीटरची टोकं टेकवून. तो आकडा खरा.

इलाज स्वस्तातला आहे, कारण केबल तुमच्या भिंतीत आहेच. तिच्यात आठ तारा असतात आणि तुम्ही दोनच वापरल्यात. बाकीच्या सहा मोकळ्या असतील तर चार तारा एकत्र पिळून प्लसला आणि चार मायनसला लावा, दोन्ही टोकांना. रंग लिहून ठेवा, कारण दुसऱ्या टोकाशी जाईपर्यंत माणूस हमखास विसरतो. पिळलेल्या जोडावर सोल्डर मारा. रोध चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे १.०५ ओहमवर येईल. बेलने पूर्ण १ अँपिअर घेतला तरी दाराशी जवळपास ११ व्होल्ट उरतील.

एक शंका तपासून घ्या. तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. वर तांबूस आणि आत पांढरट निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार आहे. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे वरचा सगळा हिशेब तेवढाच बिघडतो. तशी निघाली तर ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दोनपदरी वायरच ओढा.

अडॅप्टरही बदला, १२ व्होल्टचाच पण २ अँपिअरचा. १ अँपिअर मागणाऱ्या बेलला १ अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे कायम टाचा उंचावून उभं राहणं. काही दिवस चालतं.

आणि पंधरा व्होल्ट का नको? रात्री अडीच व्होल्ट गळून साडेबारा पोचतील, हे बरोबर. पण दिवसा बेल निवांत असताना तिच्या तोंडाशी चौदाच्या आसपास येतील आणि तिची वरची मर्यादा आहे १३.२. रात्रीची तहान भागवायला दिवसा बुडवणं कशाला!

१८३१ मध्ये जोसेफ हेन्री यांनी मैलभर लांब तारेच्या टोकाला विजेवर घंटा वाजवून दाखवली होती. पण तिला एक टोला मारायचा होता. तुमच्या बेलला रात्रभर अंधारात डोळे उघडे ठेवून बसायचंय, वर बोलायचंही आहे.

१२ व्होल्ट, १ अँपिअरच्या बेलला १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर बेल जळेल का?

नाही. अँपिअरचा आकडा म्हणजे अडॅप्टरची ऐपत. तो तेवढे अँपिअर ढकलत नाही, बेल मागेल तेवढेच देतो. आमच्या पॉवर रूममधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या शेकडो अँपिअर देऊ शकत. एकेक टेलिफोन त्यातून पन्नासेक मिलिअँपिअरच्या वर घेत नसे, आणि कुणाचा टेलिफोन त्यापायी जळाला नाही.

फक्त एक करा. बारीक तार कुठे चिरडून शॉर्ट झाली तर १ अँपिअरचा अडॅप्टर लगेच हात वर करेल, पाचवाला मात्र तार तापवत बसेल. अडॅप्टरपाशीच प्लसच्या तारेत दीड अँपिअरचा फ्यूज टाका.

घरात जुन्या मोडेम-राउटरचे पाच-सहा अडॅप्टर पडलेत. पिन बेलमध्ये बसते. कुठला चालेल?

पिन बसली म्हणजे जमलं असं समजू नका. हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलेय. जुन्या मोडेमचा एक अडॅप्टर, वर ठळक १२ व्होल्ट, १ अँपिअर. पिन अगदी मापात. माझ्या स्वतःच्या दाराच्या बेलला लावला आणि पहिल्याच मिनिटाला तो ओळखीचा वास आला, जळलेल्या मोरावळ्यासारखा आंबट-कडू. अडॅप्टर उलटा करून चष्मा लावून बघितलं, तर आउटपुटच्या आकड्यापुढे आडवी लाट. म्हणजे एसी! तो नुसता ट्रान्सफॉर्मर होता, आत करंटला एकाच दिशेने जाऊ देणारे डायोडच नव्हते. बारा व्होल्ट एसी म्हणजे शिखराला सतरा व्होल्ट, आणि तेही सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट. आयुष्य वीज वाटण्यात गेलेल्या बाईने हे करावं! ती बेल अजून खणात आहे, फेकवत नाही.

तेव्हा आधी लेबल वाचा, आणि ‘इनपुट’ची ओळ सोडून ‘आउटपुट’ची वाचा. तिथे आकड्यापुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा असतील तर डीसी. लाट असेल तर एसी. त्याच लेबलवर एक छोटं चित्र असतं: मधे टिंब, भोवती अर्धवट गोल, एका बाजूला प्लस, दुसऱ्या बाजूला मायनस. टिंबाची रेघ प्लसकडे गेली असेल तर पिनच्या आतल्या बाजूला प्लस. बेलच्या पुस्तिकेतलं चित्रही तसंच हवं. काही बेलमध्ये उलट्या जोडणीपासून वाचवणारा डायोड असतो, काहींत नसतो. आपल्या बेलमध्ये आहे का, याचा प्रयोग करू नका.

जुने, हाताला जड लागणारे डीसी अडॅप्टरही बाजूला काढा. त्यातल्या बऱ्याच जणांवर १२ लिहिलेलं असतं आणि भार नसताना ते सोळा-सतरा व्होल्ट देतात. मीटरवर बारालाच थांबणारा, हलका, स्विचिंगचा अडॅप्टर निवडा.

पिनचं म्हणाल तर बाहेरून दोन्ही साडेपाच मिलिमीटर दिसतात, पण आतलं भोक एकात २.१ आणि दुसऱ्यात २.५ मिलिमीटरचं. अडीचवाली पिन २.१ च्या सॉकेटमध्ये बसते, पण सैल. दार जोरात आपटलं की बेल रिस्टार्ट होते, अशी तक्रार आली की मी आधी हेच बघते.

माझ्या बेलवर ‘१६ ते २४ व्होल्ट एसी, १० ते ४० व्हीए’ लिहिलंय. घरात जुन्या टिंग-टाँगचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्यावर ८ व्होल्ट, १ अँपिअर. तो चालेल का? टिंग-टाँगही वाजायला हवी.

आठ व्होल्टवर ही बेल उठणारच नाही. उठली तरी वायफायला जोडताना बसेल. ट्रान्सफॉर्मर बदलावाच लागेल.

व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, बस. तुमचा जुना ८ व्हीएचा. नव्याला किमान १० लागतात, पण मी काठावरचं घेत नाही. सोळा व्होल्टचा घेतला तर तारेत एक व्होल्ट गळताच तुम्ही मर्यादेखाली. चोवीसचा घेतला तर छोटे ट्रान्सफॉर्मर भार नसताना सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत चढतात, म्हणजे मर्यादेच्याही वर. मी असते तर १८ व्होल्ट, ३० व्हीएचा घेतला असता. त्यावर बेल ट्रान्सफॉर्मरचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६१५५८-२-८, छापलेलं आहे का ते बघा. शॉर्ट झाला तरी आग न लागता निभावून नेणं हे अशा ट्रान्सफॉर्मरचं कामच असतं. आधी जुन्या टिंग-टाँगवर किती व्होल्टची मर्यादा आहे तेही वाचा. आठ व्होल्टसाठी बनलेल्या कॉइलवर अठरा सोडलेत तर ती तापेल. तशी असेल तर टिंग-टाँगही नवी लागेल.

टिंग-टाँगचं प्रकरण जरा समजून घ्या. ट्रान्सफॉर्मर, टिंग-टाँग आणि बटण ही एकाच माळेत असतात. साधं बटण उघडं असताना करंट शून्य. व्हिडिओ बेलला मात्र चोवीस तास वीज हवी, आणि ती येणार टिंग-टाँगच्या कॉइलमधूनच. म्हणून कॉइल घुंईं करत राहते, किंवा मधूनच उगाच ‘टिंग’ करते. त्यासाठी बेलबरोबर एक छोटी डबी आणि दोन तारा येतात. ती टिंग-टाँगच्या दोन टोकांना समांतर लावायची असते, म्हणजे एरवीचा करंट तिच्यातून वळतो. पुष्कळ लोक ती खोक्यातच ठेवतात आणि बेल बिघडली म्हणून पत्र लिहितात.

दुसऱ्या एका वाचकाने टिंग-टाँग काढून टाकून बेल थेट ट्रान्सफॉर्मरला जोडलीय, त्यांनी हे नीट वाचावं. अशा बऱ्याच बेल बटण दाबल्यावर आपली दोन टोकं क्षणभर आतून जोडतात, म्हणून तर टिंग-टाँग वाजते. माळेत टिंग-टाँगच नसेल तर तो ट्रान्सफॉर्मरवरचा सरळ शॉर्ट. पुस्तिकेत रेझिस्टर लावायला सांगितलं असेल तर निमूट लावा. २५ ओहम, ५० वॅट असं सांगितलं असेल तर एवढा मोठा कशाला म्हणून हसू नका. २४ व्होल्टवर दाबलेल्या क्षणी त्यात तेवीस वॅट जिरतात. काही बेल थेट जोडण्यासाठीच बनवलेल्या असतात, त्यांना हे लागत नाही.

आमची साधी बेल थेट २३० व्होल्टवर चालते. दाराशी बटणाच्या खोक्यात दोन वायरी आहेतच. त्यांनाच छोटा अडॅप्टर जोडून तिथल्या तिथे व्हिडिओ बेल चालवता येईल ना?

नाही येणार, आणि करून बघू नका. बटणाच्या खोक्यात दोन वायरी दिसतात म्हणून फेज आणि न्यूट्रल आलेत असं वाटतं. तिथे एक फेज असते आणि दुसरी त्याच फेजची बेलकडे परतणारी वायर. न्यूट्रल आत बेलपाशी असतो. तुम्ही त्या दोन वायरींत अडॅप्टर जोडलात तर तो जुन्या बेलच्या माळेत अडकेल. बेल गुरगुरेल, अडॅप्टर धड चालणार नाही, आणि पावसात भिजणाऱ्या खोक्यात मेन्स कायम जिवंत राहील.

त्याच वायरी वापरायच्या असतील तर काम उलटीकडून करायचं. मेन्सचा स्विच बंद करून, टेस्टरवर न विसंबता मीटरने तपासून, दोन्ही वायरी मेन्सपासून दोन्ही टोकांना पूर्ण सोडवायच्या. जुनी बेल होती तिथे, घराच्या आत, २३० व्होल्टवरून १२ व्होल्ट डीसी देणारा, चौकोनात चौकोन अशी दुहेरी इन्शुलेशनची खूण असलेला पुरवठा बसवायचा. आणि त्या दोन वायरींतून आता फक्त १२ व्होल्ट दाराकडे पाठवायचे. मेन्सच्या वायरी जाडच असतात, त्यामुळे व्होल्ट गळायचीही भीती नाही. हे काम वायरमनकडूनच करून घ्या, आणि त्याला ‘बटणात न्यूट्रल नाही’ हे तुम्ही होऊन सांगा. घाईत असलेला माणूसही चुकतो.

नेटवर्क केबलवरूनच वीज घेणारी, म्हणजे पीओईची बेल घ्यावी का?

केबल ओढणं शक्य असेल तर डोळे मिटून घ्या. माझी ही आवडती जात, कारण तिच्यात आमचे जुने ४८ व्होल्ट आहेत. टेलिफोनवाल्यांनी लांब, बारीक तारांसाठी ४८ व्होल्ट धरले ते अनुभवाने. व्होल्ट चढे ठेवले की तेवढ्याच वॅटला करंट कमी लागतो आणि तार कमी खाते. वरच्या पहिल्या पत्रातलं दुखणं इथे उद्भवतच नाही.

२००३ सालच्या ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे नेटवर्कचा स्विच, म्हणजे केबली जोडायची पेटी, एका पोर्टवर १५.४ वॅट सोडतो आणि १०० मीटरवरच्या उपकरणाला १२.९५ वॅटची खात्री देतो. बेलला एवढं बहुधा पुष्कळ होतं, पण तिचे वॅट वाचून घ्या. अशा स्विचची चाल सभ्य असते. तो आधी पलीकडे २५ किलोओहम रोधाची ओळखखूण सापडते का ते बघतो, मगच वीज सोडतो. याच्या उलट ‘पॅसिव्ह पीओई’ नावाचे २४ व्होल्टचे इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज घालणाऱ्या डब्या, मिळतात. ते काही न विचारता वीज ढकलतात. बेलवर ८०२.३एएफ लिहिलं असेल तर स्विच किंवा इंजेक्टरवरही तेच शब्द हवेत, नुसतं ‘पीओई’ वाचून खुश होऊ नका.

बेलच्याच अडॅप्टरवर दाराचं १२ व्होल्टचं इलेक्ट्रिक कुलूप जोडलं. कुलूप उघडलं की चित्र जातं.

कुलपाची कॉइल ओढते तेव्हा एखादा अँपिअर गिळते, आणि सोडते तेव्हा उलटा झटका देते. कुलपाला वेगळा पुरवठा द्या. बेलच्या रिलेने, म्हणजे तिच्या आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचने, फक्त त्याचा रस्ता उघड-बंद करावा. कुलूप डीसीचं असेल तर त्याच्या दोन टोकांवर ४००७ नंबरचा डायोड टाका, पट्टीची बाजू प्लसकडे. पट्टी उलटी लागली तर तो डायोड म्हणजेच शॉर्ट.

लाइट गेल्यावर बेल चालू राहावी म्हणून राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस वापरू का?

वापरा, आणि राउटरलाही त्यावरच ठेवा. नाहीतर बेल जागी आणि वायफाय झोपलेलं. दोघांचे अँपिअर मिळवून यूपीएसच्या आकड्यापेक्षा कमी भरतात ना ते बघा. काही छोट्या यूपीएसमध्ये लिथिअमचे तीन सेल एकापुढे एक असतात आणि तेच सरळ बाहेर दिलेले असतात. पूर्ण भरलेले असताना १२.६ व्होल्ट, रिकामे होत आले की नऊ. अशा यूपीएसवर पहिल्या पत्रलेखकांची बेल अर्ध्या वाटेतच बसेल. आउटपुट १२ वर धरून ठेवणारा घ्या. घेतल्यावर अंधार पडला की मेन्सचा प्लग काढा, तासभर जाऊ द्या, आणि मग मीटर घेऊन दाराशी जा.